रुईचा ग्राफ वाचताना

दारव्ह्याच्या पट्ट्यातला कापूस जिनिंगला गेला की बोंडातल्या त्या पांढऱ्या ऐवजाचे दोन भाग होतात : रुई आणि सरकी. रुईच्या गाठी सूतगिरणीच्या वाटेला लागतात. सरकीचे तेल निघते आणि ढेप गुरांपुढे जाते. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही दारव्ह्यावरून जाणारी ११३ किलोमीटरची शकुंतला रेल्वे घातली गेली ती याच मालासाठी. एका झाडाच्या या दोन वस्तूंचे रेणू मात्र एकमेकांपासून फार दूरचे आहेत. हा फरक मिनिटभरात आलेखावर उमटवणारे यंत्र म्हणजे अवरक्त वर्णपटमापक. बी.एस्सी.ची मुले त्याला नुसते ‘आयआर’ म्हणतात.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी प्रिझममधून पडलेल्या रंगपट्ट्यात, तांबड्या रंगाच्या पलीकडे, तापमापक ठेवला. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हते, पण पारा चढला. तेच अवरक्त किरण. पुढे १९०५ मध्ये विल्यम कोब्लेन्ट्झ यांनी शंभराहून अधिक पदार्थांचे अवरक्त वर्णपट छापले. अणूंचा विशिष्ट गट कुठल्याही रेणूत असला, तरी तो साधारण ठरलेल्या जागीच किरण शोषतो, हे त्यातून दिसू लागले. आजची सगळी ओळखपरेड या एका गोष्टीवर उभी आहे.

कारण सोपे आहे. दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा सतत कंप पावत असतो. स्प्रिंग जितकी ताठ आणि टोकाचे अणू जितके हलके, तितका कंप वेगवान, आणि बंध आपल्या कंपाशी जुळणारेच किरण शोषतो. हायड्रोजन सर्वांत हलका, म्हणून त्याचे बहुतेक बंध आलेखाच्या डाव्या टोकाला, २८०० ते ३६०० प्रति सेंटिमीटरच्या (म्हणजे सेंटिमीटरभरात बसणाऱ्या लहरींच्या) दरम्यान दिसतात. कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध १७०० च्या आसपास, एकेरी बंध १००० ते १३०० मध्ये. एक अट आहे : कंप पावताना रेणूतल्या विद्युतभाराची विभागणी बदलली पाहिजे. हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये ती बदलत नाही, म्हणून ते आड येत नाहीत. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र येतात. म्हणूनच नमुना ठेवण्याआधी रिकाम्या यंत्राची नोंद घ्यावी लागते.

आता चिमूटभर रुई यंत्रात नमुना टेकवायला बसवलेल्या हिऱ्यावर दाबून ठेवू. ३३०० च्या आसपास रुंद, पसरट शोषण दिसते : हायड्रॉक्सिल गट. १००० ते ११५० मध्ये कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंधांची दाट गर्दी. हे सेल्युलोज आहे. सरकीच्या तेलाचा थेंब ठेवला तर ते रुंद शोषण नाहीसे होते आणि १७४५ ला एक उंच, टोकदार पीक, म्हणजे शिखर, उभे राहते : एस्टर. शंभर टक्के कॉटन म्हणून विकलेल्या सदऱ्याच्या धाग्यात १७१५ च्या जवळ ठसठशीत पीक आले, तर त्यात पॉलिएस्टर मिसळलेले असण्याचा संशय बळकट होतो. दुकानदाराच्या शपथेपेक्षा मी त्या पीकवर विश्वास ठेवीन.

पण कच्च्या रुईचा ग्राफ नीट निरखला, तर १७३५ च्या आसपास एक बारीक उंचवटा सापडतो आणि २९१८ व २८५० ला दोन अरुंद पीक. शुद्ध सेल्युलोजमध्ये यांचे काय काम? ही तंतूवरच्या मेणाची आणि पेक्टिनची खूण. कॉस्टिक सोड्यात रुई उकळली की ती बहुतांशी जाते. कच्ची रुई पाण्यावर तरंगते आणि दवाखान्यातला कापूस लगेच पाणी पितो, त्याचे कारण ग्राफवर असे उघड वाचता येते. १६४० चे पीक नवशिक्याला कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचे वाटते. ते असते रुईने हवेतून धरून ठेवलेल्या ओलाव्याचे.

म्हणून वाचायला सुरुवात करावी ती काय नाही यापासून. १७०० च्या भागात काहीच नसेल, तर आल्डिहाइड, कीटोन, आम्ल, एस्टर सगळे एका फटक्यात बाद. पीक असेल तर सोबती शोधायचे. २५०० ते ३३०० असे अवाढव्य पसरलेले शोषण जोडीला असेल तर कार्बोक्झिलिक आम्ल, २७२० आणि २८२० ला जोडपे असेल तर आल्डिहाइड. गट कळले म्हणजे रेणू कळला असे मात्र नाही. सरकीचे आणि सोयाबीनचे तेल दोन्ही एस्टर, त्यामुळे त्यांचे ग्राफ नुसत्या नजरेने वेगळे करणे अवघड. तिथे मेदाम्लांची क्रोमॅटोग्राफीच करावी लागते. उलट पदार्थ कोणता असावा हे आधीच माहीत असेल, तर प्रमाण नमुन्याशी जुळवणी फार भरवशाची ठरते. पॅरासिटामॉलची ओळख पटवायला औषधकोशात हीच चाचणी आहे.

आपल्याकडे परीक्षेसाठी आकड्यांचा तक्ता पाठ करून घेतात आणि मुले पदवी घेईपर्यंत खरा ग्राफ हाती धरत नाहीत. हे मला मनापासून खटकते. यंत्र महाग आहे, प्रत्येक महाविद्यालयाला ते परवडणार नाही, हे मान्य. पण नमुना काही मिलिग्रॅम पुरतो. दारव्हा, दिग्रस, पुसदकडच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विनंती आहे : जिनिंगमधली रुई, घाणीवरचे तेल आणि एक सदऱ्याचा धागा यांचे ग्राफ यंत्र असलेल्या प्रयोगशाळेतून एकदा काढून आणा, नावे झाका आणि वर्गाला ओळखायला द्या.