जुना मिक्सर एकाएकी बंद पडला तर

आधी दिवा लावून पाहा. डहाणू-तलासरीच्या घरांत वीज येते ती महावितरणची. दिवाही लागत नसेल तर दोष मिक्सरचा नाही, महावितरणला १९१२ वर कळवा.

दिवा लागतोय? मग तोच प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहा. समुद्राकाठच्या घरांत खारट, दमट हवेने पितळी पिनांवर हिरवट थर चढतो आणि वीज पुढे जातच नाही. तरीही हूं की चूं नसेल तर प्लग काढा, मिक्सर उलटा करा. बहुतेक मिक्सरच्या तळाशी लाल बटण असते. घट्ट वाटणाचा भार पडून मोटर तापली की ते बाहेर येते आणि मोटर जळण्यापासून वाचते. थोडा वेळ थंड होऊ द्या, भांडे काढा, बटण दाबा. कित्येक मिक्सर एवढ्यावरच पुन्हा सुरू होतात, आणि आपण मात्र नवा घ्यायला निघालेले असतो!

वायर मिक्सरच्या तोंडाशी वाकून आतून तुटते, तेही तपासून घ्या. बंद पडण्याआधी ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश झिजले असावेत; दोन्ही एकदमच बदलावेत. हे काम मेकॅनिकचे.

हाताला झिणझिण्या आल्या, तर तो मिक्सर दुरुस्तीशिवाय पुन्हा लावू नका. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी तर मुळीच नको. अर्थिंगची तिसरी पिन कापून टाकलेली मी अनेक घरांत पाहते. ती आजच बदलून घ्या.