छावणीच्या वेशीवरील कॉफीगृहे

अमेरिकेतील टेक्सास राज्यात किलीन नावाचे गाव आहे. त्याला लागूनच फोर्ट हूड ही विशाल लष्करी छावणी पसरलेली आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात या गावाचा बहुतेक व्यापार छावणीवरच चाले. पगाराच्या दिवशी मद्यगृहे, गहाणवटीच्या पेढ्या, जुन्या मोटारींची आणि हप्त्याने माल देणारी दुकाने गिऱ्हाइकांनी भरून जात. गिऱ्हाईक म्हणजे बहुधा अठरा-वीस वर्षांचा शिपाई. हाती रोख पैसा, घर शेकडो कोस दूर आणि पुढचे वर्ष पाहायला मिळेल की नाही याची शाश्वती नाही. अशा माणसाला फसविण्यास फारशी हुशारी लागत नाही.

याच बाजारपेठेत १९६८ च्या जुलै महिन्यात एक निराळे दुकान उघडले. तेथे मद्य मिळत नसे. कॉफी, पुस्तके, वर्तमानपत्रे, संगीत आणि मन मोकळे करण्यासाठी समोर बसलेला माणूस, एवढेच त्याचे भांडवल. नाव होते ‘ऑलिओ स्ट्रट’. हेलिकॉप्टर जमिनीवर टेकताना बसणारा हादरा शोषून घेणाऱ्या भागाला हे नाव आहे. व्हिएतनामहून परतलेल्या आणि तिकडे निघालेल्या तरुणांच्या मनावरचा आघात थोडा तरी हलका व्हावा, हा हेतू त्या नावातच सामावलेला होता.

या कल्पनेचे जनक फ्रेड गार्डनर. ते स्वतः लष्कराच्या राखीव दलात राहिलेले होते. त्या काळी अमेरिकेत सक्तीची लष्करभरती होती. १९६४ ते १९७३ या काळात सुमारे २२ लाख तरुणांना अशा प्रकारे लष्करात बोलाविण्यात आले. महाविद्यालयात शिकणाऱ्यांना सवलत मिळे. साहजिकच भरतीचा मोठा भार गरिबांच्या आणि कामकऱ्यांच्या मुलांवर पडला. युद्धविरोधी चळवळीचे बळ विद्यापीठांत होते, तर युद्धाचे ओझे वाहणारे तरुण छावण्यांत होते. या दोघांची भेट घडवायची असेल, तर छावणीच्या दाराशी जाऊन बसले पाहिजे, हे गार्डनर यांनी ओळखले.

दक्षिण कॅरोलायना राज्यातील कोलंबिया शहरात, फोर्ट जॅक्सन या छावणीजवळ, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पहिले कॉफीगृह सुरू केले. त्याचे नाव ‘यूएफओ’. सैनिकांच्या करमणुकीची सोय पाहणाऱ्या ‘यूएसओ’ या मान्यवर संस्थेच्या नावाला दिलेला तो मिस्कील छेद होता. १९६८ च्या फेब्रुवारीत फोर्ट जॅक्सनमधील सुमारे ३५ शिपाई छावणीच्या प्रार्थनामंदिराजवळ जमले. युद्धाविषयी मनात दाटलेल्या शंकेवर मूक प्रार्थना करावी, इतकीच त्यांची इच्छा होती. तेवढेही लष्कराला रुचले नाही. शिपायांच्या मनात काय चालले आहे, याची देशाला मात्र त्यातून कल्पना आली.

पुढे वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे, फोर्ट लुईसजवळ, ‘शेल्टर हाफ’ निघाले. दोन शिपायांनी आपापले अर्धे कापड जोडून जो छोटा तंबू उभारायचा, त्यातील एका अर्ध्या कापडाला हे नाव आहे. पाहता पाहता अमेरिकेत आणि परदेशातील अमेरिकन तळांजवळ अशी वीसहून अधिक ठिकाणे उभी राहिली.

तेथे येणाऱ्या शिपायाला कोणी भित्रा म्हणत नसे, की मारेकरीही म्हणत नसे. त्याला प्रथम बसायला जागा मिळे. नंतर, त्याने विचारले तर, कायद्याची माहिती मिळे. सदसद्विवेकबुद्धीला युद्ध मान्य नसेल, तर सेवेत असतानाही मुक्ततेसाठी अर्ज करण्याची तरतूद अमेरिकन नियमांत होती, पण सामान्य शिपायाला ती ठाऊक नसे. अर्जदाराचा विरोध सर्वच युद्धांना असला पाहिजे, केवळ एका युद्धाला असून चालत नाही, हा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला. ही नियमांची गुंतागुंत समजावून सांगणे, अर्ज लिहिण्यास साहाय्य करणे, वकिलाशी गाठ घालून देणे, हे काम कॉफीच्या टेबलावरच होई. शिपायांनी चालविलेले ‘फटिग प्रेस’ हे छोटे पत्रही ‘ऑलिओ स्ट्रट’च्या आश्रयाने वाढले.

किलीनच्या बाजारात १९७१ मध्ये घडलेला एक प्रसंग व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. तेथे दागिन्यांची एक पेढी होती. तिचे विक्रेते रस्त्यावरून जाणाऱ्या शिपायाला गाठून आत नेत आणि आईसाठी वा वाग्दत्त वधूसाठी चढ्या भावाचा दागिना हप्त्याने त्याच्या गळ्यात बांधीत. व्हिएतनाममध्ये मृत्यू पावलेल्या आपल्या गिऱ्हाइकांच्या नावांचा ‘सन्मानफलक’ही पेढीने लावला होता. त्यांची उधारी माफ केल्याचे ती अभिमानाने सांगे. मृत्यूचाही जाहिरातीसाठी उपयोग झालेला पाहून शिपाई संतापले. ‘ऑलिओ स्ट्रट’मध्ये बसून त्यांनी त्या पेढीवर बहिष्काराची मोहीम आखली. दुकानासमोर शांतपणे निदर्शने करणाऱ्यांना अटक झाली, तरी मोहीम थांबली नाही. एकाच बाजारातील ही दोन दुकाने. एकाला शिपायात सोपे सावज दिसले, दुसऱ्याला माणूस दिसला. दोन्हीकडे गल्ला होता, पण सचोटी एकीकडेच होती.

माणुसकीच्या या व्यापाराला किंमतही मोठी मोजावी लागली. १९७० च्या प्रारंभी ‘यूएफओ’ला टाळे लागले. सार्वजनिक उपद्रव केल्याच्या आरोपावरून चालकांना प्रत्येकी सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावण्यात आली. न्यू जर्सीतील फोर्ट डिक्सजवळच्या कॉफीगृहात त्याच वर्षी हातबाँब टाकण्यात आला. आयडाहो राज्यातील ‘कव्हर्ड वॅगन’ १९७१ मध्ये आगीत भस्मसात झाले. ‘शेल्टर हाफ’ शिपायांना प्रवेशनिषिद्ध ठरविण्याची तयारी लष्कराने केली, परंतु लोकांनी आवाज उठविल्यावर तो बेत सोडून द्यावा लागला.

या प्रयोगात उणिवाही होत्या. शहरांतून आलेले काही उत्साही कार्यकर्ते ऐकण्याऐवजी उपदेशच अधिक करीत. जेथे व्याख्याने वाढली, तेथे शिपायांची पावले मंदावली. दिवसभर हुकूम ऐकून आलेल्या तरुणाला संध्याकाळी नव्या हुकमांची आवड कशी असणार? जी ठिकाणे टिकली, ती बहुधा शिपायांनाच बोलू देणारी होती.

‘ऑलिओ स्ट्रट’ १९७२ मध्ये बंद झाले. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली आणि अमेरिकेच्या लढाऊ तुकड्याही व्हिएतनाममधून परतल्या. अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि लक्षावधी व्हिएतनामी माणसे तोवर प्राणांस मुकली होती. युद्ध थांबण्याची कारणे अनेक होती. कॉफीगृहांनीच ते थांबविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र लढणाऱ्याच्या मनातील प्रश्न दडपून टाकता येत नाही, हे सत्य त्यांनी उजेडात आणले.

पुढे इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांचा काळ आला. आता सैनिक स्वेच्छेने भरती झालेले होते, पण वारंवार रणांगणावर जाऊन आल्यामुळे झोप उडालेले, घरात परके झालेले तरुण पुन्हा त्याच रस्त्यांवर दिसू लागले. फोर्ट लुईसजवळ माजी सैनिकांनी २००८ मध्ये ‘कॉफी स्ट्राँग’ उघडले. २००९ मध्ये एका सैनिकाच्या पत्नीने किलीनमध्येच ‘अंडर द हूड’ सुरू केले. चाळीस वर्षांनी त्याच गावात तीच गरज उभी राहिली आणि ती ओळखणारे कोणीतरी पुढे आले.

युद्धाला विरोध करणारे पुष्कळ असतात. परंतु त्या विरोधाचा राग शस्त्र हाती दिलेल्या माणसावर न काढता, त्याच्याच दाराशी जाऊन त्याच्यासाठी जागा मोकळी करणारे थोडे. या कॉफीगृहांच्या जमाखर्चात नफा क्वचितच दिसला असेल. मात्र दुकानाचा उंबरठा ओलांडून येणारा प्रत्येक जण आधी माणूस असतो आणि मग गिऱ्हाईक, हा हिशेब त्यांनी चोख ठेवला.