एका मतदारसंघात दोन खासदार

पूर्वीचा भंडारा जिल्हा 1954 मध्ये मध्य प्रदेशात होता. त्या वर्षी इथल्या लोकसभा पोटनिवडणुकीत दोन जागा होत्या: एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मात्र काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरले. राखीव जागेचा कौलही सर्वच मतदारांच्या हाती होता, हे या पद्धतीचे खरे दुखणे. 1961 च्या कायद्याने असे दोन जागांचे जोडमतदारसंघ संपले, म्हणून प्रश्न सुटला, असे कुणी म्हणेल. मतदारसंघ आटोपशीर झाले, हे मान्यच. पण आज अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या याच भागातील अर्जुनी मोरगाव विधानसभा मतदारसंघातही निकाल सर्व मतदारच ठरवतात.