120 तास चिंचोळीत!

ओजेटी म्हणजे नुसतं सर्टिफिकेट नाही. कंपनीच्या गेटमधून आत जाण्याआधी काय तयारी करायची, आत गेल्यावर काय शिकायचं आणि कुठे ठाम राहायचं, याचा हा हिशेब.

सोलापुरात ‘को-ऑप’ म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो, मग बँक, नाहीतर हाउसिंग सोसायटी. पण कॅनडा-अमेरिकेत शिकणाऱ्या एखाद्या मित्राला विचारा. त्याच्यासाठी को-ऑप हा कॉलेजचाच भाग असतो, काही महिने वर्गात आणि काही महिने कंपनीत. 1906 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने इंजिनिअरिंगच्या 27 विद्यार्थ्यांना घेऊन हा प्रयोग सुरू केला. त्याचं म्हणणं साधं होतं, काही गोष्टी फळ्यावर शिकवता येतच नाहीत.

खरं तर सोलापूरला हे नवीन नाही. 1877 मध्ये इथे जुनी मिल उभी राहिली. तेव्हापासून किती घरांत पोरगं वडिलांच्या मागे साच्यावर उभं राहून काम शिकलं असेल! फरक एवढाच, की आता त्या शिकण्याला मार्कही मिळतात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी आलं. त्याला 4 क्रेडिट, आणि एका क्रेडिटला 30 तास. म्हणजे 120 तास. रोज 8 तास धरले तर 15 दिवस. डिप्लोमावाल्यांना नव्या के स्कीममध्ये 12 आठवड्यांची इंटर्नशिप आहे. ऐकायला ओझं वाटतं, पण पहिल्या नोकरीआधी कंपनी आतून बघण्याची ही बहुतेकांना मिळणारी एकमेव संधी असते.

आणि इथेच शॉर्टकट मारणारे भेटतात. “काकांच्या ओळखीने सर्टिफिकेट आणतो, जायची गरज नाही.” मित्रांनो, कागद मिळेलही. पण मुलाखतीत “तिथे तू रोज काय करत होतास?” हा एकच प्रश्न त्या कागदाची किंमत शून्य करतो. ज्याच्या घरी कंपनीत काम केलेलं कोणीच नाही, त्याचं नुकसान तर सगळ्यात जास्त. ओळखीवाल्याला पुढेही ओळख मिळेल, तुमच्या हातात मात्र हे 120 तासच आहेत.

आधी चिंचोळी समजून घ्या

जुन्या पुणे नाक्यावरून निघालं की बाळे, केगाव, आपलं विद्यापीठ, कोंडी आणि मग चिंचोळी एमआयडीसी. गाव मोहोळ तालुक्यातलं, पण माणसं निम्म्या सोलापूरची. आपण या रस्त्याने पुण्याला जाताना कितीदा तरी खिडकीतून ही एमआयडीसी बघतो आणि पुढे निघून जातो. पुण्याला जायच्या आधी इथे एकदा उतरून बघायला काय हरकत आहे?

इथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे. इंजिनमधले व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा कॅमशाफ्ट बनवून ही कंपनी परदेशी कार कंपन्यांनाही पुरवते. बालाजी अमाइन्सचे प्रकल्प आहेत. मिथेनॉल आणि अमोनियापासून मिथाइल अमाइन्स तयार होतात आणि ती पुढे औषधं, कीटकनाशकं अशा उद्योगांत जातात. औषधांचा कच्चा माल बनवणारी स्मृती ऑरगॅनिक्स आहे. म्हणजे मेकॅनिकल, केमिकल, केमिस्ट्री, फार्मसी या सगळ्यांना इथे काम आहे. आणि बीकॉम-बीबीए वाल्यांनो, प्रत्येक कारखान्यात स्टोअर, खरेदी, अकाउंट्स, डिस्पॅच आणि एचआर असतंच!

गृहपाठ कसा करायचा?

पहिली गोष्ट, शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांचा वार्षिक अहवाल त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. सगळा वाचू नका, सुरुवातीची 20 पानं पुरेत. माल कोणता, गिऱ्हाईक कोण, नवीन प्लान्ट कुठे, हे सगळं त्यात असतं. सोलापुरातलं बालाजी सरोवर प्रीमियर हॉटेल केमिकल बनवणाऱ्या बालाजी अमाइन्सचंच आहे, हे अहवाल वाचणाऱ्याला लगेच कळतं.

दुसरी गोष्ट, वाचून एक चांगला प्रश्न तयार करा. उदाहरणार्थ, इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्ट लागतच नाही, मग कॅमशाफ्ट बनवणाऱ्या कंपनीने पुढे काय करायचं? प्रिसिजनने 2018 मध्ये नेदरलँड्सच्या इमॉस या इलेक्ट्रिक ट्रकवाल्या कंपनीत हिस्सा घेतला होता, त्यामागे हाच विचार दिसतो. असा प्रश्न घेऊन गेलेला विद्यार्थी समोरच्याच्या लक्षात राहतो.

तिसरी गोष्ट, आपल्या विषयातलं मूळ पक्कं करा. मेकॅनिकलवाल्याला व्हर्निअर आणि मायक्रोमीटर वाचता यायलाच हवं, साधं ड्रॉइंग कळायला हवं. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो, एवढं तरी डोक्यात असू दे. केमिस्ट्रीवाल्याने टायट्रेशनचा हात बसवावा आणि सेफ्टी डेटा शीट कशी वाचायची ते बघावं. कॉमर्सवाल्याने जीएसटीचं बिल, ई-वे बिल आणि एक्सेलमधलं व्ही-लुकअप करून बघावं.

अर्ज करताना चार ओळींचा मेल पुरतो. कोण आहे, कुठल्या वर्षाला आहे, कोणत्या तारखेपासून किती तास येऊ शकतो आणि कोणत्या विभागात शिकायचंय. सोबत कॉलेजचं पत्र. मेल करून गप्प बसू नका. आठवड्याने फोन करा, प्लेसमेंट सरांना आठवण द्या. एका कंपनीच्या भरवशावर राहू नका, पाच ठिकाणी प्रयत्न करा.

गेटच्या आत

पहिल्या दिवशी कोणी तुम्हाला मशिन देणार नाही. सेफ्टीचं लेक्चर, हेल्मेट, बूट, गॉगल आणि मग “यांच्यासोबत फिरा.” पहिले दोन-तीन दिवस नुसतं उभं राहून बघण्यातच जातात. कंटाळा येतो. पण मोबाईल काढला की संपलं! काही प्लान्टमध्ये तर तो गेटवरच जमा करावा लागतो. खिशात छोटी वही ठेवा. माल कुठून आला, इथे काय झालं, पुढे कुठे गेला, असा रोजचा नकाशा काढा. पाचव्या दिवशी ती वहीच तुमचा रिपोर्ट लिहायला लागते.

शिकवणारा माणूस नेहमी इंजिनिअरच असतो असं नाही. 20 वर्षं त्याच मशिनवर असलेले ऑपरेटर मामा आवाजावरून सांगतात, टूल गेलाय. त्यांना ‘तुम्ही’ म्हणा, चहाच्या वेळी शेजारी बसा. इथल्या शॉप फ्लोअरवर मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि हिंदीही चालते. दोन शब्द तेलुगू येत असतील तर तुमची निम्मी ओळख झालीच समजा.

प्रश्न जरूर विचारा, पण वेळ बघून. शिफ्ट बदलताना आणि मशिन अडलेलं असताना नाही. आणि न सांगता कशालाही हात लावायचा नाही. सैल ओढणी, अंगठी, कडं, मोकळे केस या गोष्टी फिरत्या मशिनजवळ जिवावर बेततात. केमिकल प्लान्टमध्ये पहिल्याच दिवशी विचारून घ्या, सायरन झाला तर कुठे जमायचं? वाऱ्याची दिशा दाखवणारी ती पट्ट्यापट्ट्यांची पिशवी कुठे लावलीय? गळती झाली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचं असतं.

ओजेटी उन्हाळ्यात आली तर सोलापूरचं ऊन कोणाला सांगायला नको. पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल हवाच. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, संध्याकाळपर्यंत काही बिघडत नाही. शिफ्ट कुठली आहे ते कळलं की त्या वेळेला बस किंवा वडाप मिळतं का, हे आदल्या दिवशीच बघून या.

पैसे आणि हक्क

ओजेटीला विद्यावेतन मिळेलच असं नाही, म्हणून आधीच विचारा. त्यात लाजायचं काय? घरून रोजचं भाडं मागणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. अप्रेंटिसशिप मात्र वेगळी. ती 1961 च्या कायद्याखाली येते, तिचा रीतसर करार होतो आणि 2019 मध्ये ठरलेल्या दरांनुसार पदवीधराला महिन्याला किमान 9000 रुपये, तर डिप्लोमावाल्याला किमान 8000 रुपये. त्यासाठी एनएटीएस पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि पीएम इंटर्नशिप योजना मात्र शिक्षण संपलेल्यांसाठी आहेत. रेग्युलर कॉलेज चालू असताना तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

मुलींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ट्रेनी आणि अप्रेंटिस यांनाही लागू आहे. 10 किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. “15 दिवसांचाच तर प्रश्न आहे” म्हणून गप्प बसायचं कारण नाही. घरी सांगा, कॉलेजमधल्या मॅडमना सांगा.

आणि 15 दिवस फक्त झेरॉक्स काढायला लावलं तर? आधी सुपरवायझरशी बोला, “सर, दोन दिवस क्वालिटीत बसू का?” बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं. नाहीच झालं तर कॉलेजच्या मार्गदर्शकांना लेखी कळवा. विद्यार्थी नीट शिकतोय ना, हे बघणं हा त्यांच्याही कामाचा भाग आहे.

शेवटच्या दिवशी हे विसरू नका

- लॉगबुकवर रोजच्या सह्या झाल्यात का, ते तपासा. राहिलेली सही नंतर मिळवताना चार चकरा होतात.
- सर्टिफिकेटवर नाव, तारखा, विभाग आणि तास बरोबर आहेत का?
- रिपोर्टमध्ये कंपनीची आतली माहिती किंवा फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. इन्स्टावर तर नाहीच!
- ज्यांनी शिकवलं त्या प्रत्येकाला भेटून निघा, ऑपरेटर मामांनाही.
- बायोडेटात ‘इंटर्नशिप केली’ एवढंच लिहू नका. काय मोजलं, काय तपासलं, काय तयार केलं ते आकड्यात लिहा.

मी स्वतः सध्या इंटर्न आहे, त्यामुळे एवढं नक्की सांगते, कामाच्या जागी पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आपण निरुपयोगी वाटतो. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी हाक मारून काम सांगतं, आणि तिथून खरी गंमत सुरू होते. कदाचित 120 तासांनंतर तुम्हाला कळेल की हे क्षेत्र आपलं नाही. तेही कळलेलं बरंच की! डिग्री हातात आल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं स्वस्त पडतं. आणि आवडलंच, तर पुण्याची गाडी पकडायच्या आधी चिंचोळीच्या गेटवर बायोडेटा द्यायला विसरू नका.