वाचले की बदलते

सांगलीत, विश्रामबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रासाठी ड्रायव्हर लिहितो. टेबलावर रास्पबेरी पाय, ऑसिलोस्कोप, जीएसएम मोडेम. वालचंद (1947) आणि कराडचे शासकीय (1960) अशी जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये जवळच असल्याने सी भाषा पक्की असलेली पोरे भेटत राहतात. अडतात ती बहुधा एकाच ठिकाणी. हार्डवेअरचे रजिस्टर म्हणजे मेमरीतलाच एक पत्ता, असे ती धरून चालतात.

कराडकडच्या एका मुलाचा कोड साधा होता: एसपीआयवरची देवाणघेवाण संपल्याचा बिट येईपर्यंत स्टेटस रजिस्टर वाचत राहायचे. ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळे सुरळीत. ओ-टू लावले की बोर्ड तिथेच अडकायचा. स्कोपवर क्लॉकचे ठोके थांबलेले दिसत होते, म्हणजे काम झाले होते, पण प्रोग्रामला त्याची गंधवार्ता नाही. डिसअसेम्ब्ली काढली. कंपायलरने रजिस्टर एकदाच वाचले होते आणि तीच जुनी किंमत तो तपासत बसला होता. त्याला दोष देता येत नाही. त्या पत्त्यावर बाहेरचे कोणी लिहिते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पुराच्या दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलावरचा पाणीपातळीचा रात्रीचा आकडा सकाळी कोण धरून बसतो? 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, 2019 च्या ऑगस्टमध्ये तर पाणी 57 फुटांवर गेले. तिथे पट्टीच पुन्हा बघावी लागते.

कोडमध्ये व्होलाटाइल हा शब्द लिहिला की कंपायलरही दर वेळी पट्टी बघायला जातो. मात्र त्याच्या पलीकडे प्रोसेसरचा कॅश आहे, आणि त्याला हा शब्द ठाऊक नाही. तो पत्ता कॅशमध्ये ठेवू नये, हे पेज टेबलमध्येच नोंदवावे लागते. लिनक्समध्ये आयओरीमॅप ते करते. मग वाचायला रीडएल, लिहायला रायटएल. साध्या पॉइंटरनेही कधीकधी चालून जाते, आणि तेच घातक.

दुसरी गंमत मोडेमच्या सिरियल पोर्टवर. तिथले डेटा रजिस्टर वाचले की रांगेतला बाइट निघून जातो. मुलाने तपासणीसाठी मध्येच तेच रजिस्टर वाचून छापायला सांगितले आणि मोडेमच्या उत्तरातली अक्षरे गळू लागली. बघितल्यानेच बिघडत होते! छपाई काढली, अक्षरे परत आली.

लिहिण्यातही खोच आहे. पीसीआयसारख्या बसवर रायटएल परत येते तेव्हा किंमत वाटेतच असू शकते. इंटरप्ट पुसला असे समजून हँडलर बाहेर पडतो आणि तोच इंटरप्ट पुन्हा उठतो. म्हणून त्याच उपकरणातले एखादे रजिस्टर वाचून घेतात. आधीचे लिखाण पोचल्याशिवाय ते वाचन पुरे होत नाही.

मग कॅश वाईटच का? मुळीच नाही. आयटूसीवरच्या घड्याळाच्या चिपमधून 100 किलोहर्ट्‌झने एक बाइट आणायला साधारण 0.4 मिलिसेकंद जातात. गजराची वेळ आपणच लिहितो, तिची प्रत जवळ ठेवावी. सेकंदांचे रजिस्टर मात्र दर वेळी चिपकडूनच घ्यावे. लिनक्सचे रेगमॅप हाच भेद मागते: कोणती रजिस्टरे आपोआप बदलतात, ते ड्रायव्हरने सांगायचे.

ही यादी कोडमधून कळत नाही. ड्रायव्हर लिहायला बसणाऱ्याने डेटाशीटमधला प्रत्येक रजिस्टरचा तक्ता आधी वाचावा, आणि ‘वाचल्यावर पुसले जाते’ असे असेल तिथे पेन्सिलीने खूण करावी.