स्टॉपर जर्नेल सिंग

फुटबॉलपटू जर्नेल सिंग यांचे नाव आज निघते ते दोन गोलांमुळे. यात त्यांच्यावर थोडा अन्यायच आहे, कारण गोल करणे हे त्यांचे काम नव्हतेच. समोरच्याचे गोल होऊ न देणे, हा त्यांचा धंदा. भारताने आजवर जे बचावपटू घडवले त्यांत त्यांचे नाव पहिल्या दोघातिघांत घ्यावे लागते. पण झालेल्या गोलाखाली गोल करणाऱ्याचे नाव छापतात. अडवलेल्या गोलाला रकानाच नसतो.

जर्नेल सिंग ज्या जागी खेळत ती जागा मुळात एका नियमामुळे जन्मली. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल झाला. पुढे असलेल्या खेळाडूपुढे प्रतिस्पर्ध्यांचे तीन गडी असावे लागत, ते दोनवर आले. गोलांचा पाऊस पडू लागला आणि तो थोपवायला इंग्लंडमधल्या क्लबांनी, त्यातही आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने, मधल्या फळीतला सेंटर हाफ मागे ओढून दोन फुलबॅकांच्या मध्ये उभा केला. हाच स्टॉपर. प्रतिस्पर्ध्याचा सेंटर फॉरवर्ड ही त्याची जबाबदारी. उंच चेंडू डोक्याने परतवायचे, सुटलेल्या माणसामागे धावायचे आणि वेळ आली तर अंग झोकून चेंडू काढून घ्यायचा. भारतात ही रचना बरीच उशिरा रुळली. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०-१ असे धुतले, तेव्हा कुठे बुटांचा आणि बचावाच्या रचनेचा विचार गंभीरपणे सुरू झाला.

जर्नेल सिंग त्यानंतरच्या पिढीतले. जन्म १९३६चा, गाव होशियारपूर जिल्ह्यातले पनाम. शेजारच्या माहिलपूरच्या खालसा कॉलेजात ते खेळले आणि तिथून कोलकात्याला गेले. आधी राजस्थान क्लब आणि १९५९पासून मोहन बागान. पुढची जवळजवळ दहा वर्षे त्यांनी हाच क्लब धरून ठेवला. कोलकात्याच्या मैदानावर पावसाळ्यात घोटाभर चिखल असतो. तिथे बंगाली नजाकतीच्या खेळाडूंमध्ये हा धिप्पाड सरदार उठून दिसे. त्यांचे टॅकल कडक होते, आणि प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालचे समर्थक त्यासाठी आणखीही विशेषणे वापरत असणार. ते मागे असताना मोहन बागानने १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे कोलकाता लीग जिंकली आणि १९६३ ते १९६५ सलग तीनदा ड्युरँड कप. मुंबईकरांनी हा संघ रोव्हर्स कपच्या निमित्ताने कूपरेजवर पाहिला.

व्यावसायिक फुटबॉलपटू हा प्रकार तेव्हा भारतात कागदोपत्री नव्हताच. सगळेच हौशी. खेळाडूच्या संसाराचा आधार नोकरी, भारताचे फॉरवर्ड पी. के. बॅनर्जी तर शेवटपर्यंत ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळले. पण रोजचा सराव, हजारोंची गर्दी, पराभवानंतरच्या शिव्या आणि क्लबांची खेळाडूंसाठी चाललेली ओढाताण पाहता त्या हौशीपणावर विश्वास ठेवणे कठीण जाते. देशव्यापी राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ उजाडावे लागले.

१९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये जर्नेल सिंग बचावात होते. हंगेरीकडून १-२ अशी निसटती हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून १-३. गटातून पुढे जाता आले नाही, पण युरोपीय संघांपुढे उभे राहता येते हे कळले. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्यावर अलीकडे ‘मैदान’ हा चित्रपट आला.

मग जकार्ता, १९६२चे आशियाई खेळ. सुरुवात वाईट झाली. दक्षिण कोरियाने २-० असे हरवले. थायलंडला भारताने ४-१ असे लोळवले, पण त्या सामन्यात जर्नेल सिंग यांचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. जपानविरुद्ध ते बाहेर बसले. भारत २-० असा जिंकला. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामपुढे रहीमसाहेबांनी त्यांना उतरवले ते थेट सेंटर फॉरवर्ड म्हणून. टाके घातलेल्या कपाळाने स्टॉपरला प्रत्येक उंच चेंडूला भिडावेच लागते, पुढच्या फळीत थोडी तरी निवड करता येते, असा हिशोब असावा असा माझा तर्क आहे. शिवाय मागे बचाव सांभाळायला अरुण घोष होते. सामना ३-२ असा सुटला. दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामींचे, एक जर्नेल सिंग यांचा.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. सुमारे एक लाख प्रेक्षक आणि जवळजवळ सगळे भारताच्या विरोधात. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता, त्यावर भारताचे क्रीडा प्रशासक जी. डी. सोंधी यांनी या खेळांना ‘आशियाई’ म्हणण्यालाच हरकत घेतली. जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सहकाऱ्यांच्या आठवणींप्रमाणे बसमधून जाताना जर्नेल सिंग आणि त्रिलोक सिंग या दोन शीख खेळाडूंना खाली बसवून नेले जाई, कारण डोक्यावरून ते लगेच ओळखू येत. स्टेडियममध्ये भारताच्या बाजूने ओरडत होता तो पाकिस्तानचा हॉकी संघ, ज्याने आदल्याच दिवशी भारताला हॉकीत हरवले होते! सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंग यांनी. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, पण २-१ टिकले. या संघात गोव्याचे फोर्चुनातो फ्रँको होते. ते मूळचे कोलवाळचे आणि मुंबईत टाटांच्या संघातून खेळलेले. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेले नाही.

रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले. जर्नेल सिंग पुन्हा मागच्या फळीत परतले. १९६४ साली इस्राएलमधल्या आशिया कपमध्ये भारत उपविजेता ठरला. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९६५ ते १९६७ ते भारताचे कर्णधार होते. नंतर पंजाबात प्रशिक्षण आणि सरकारच्या क्रीडा खात्यात अधिकारपद. ऑक्टोबर २००० मध्ये कॅनडात व्हँकुव्हर इथे त्यांचे निधन झाले.

१९६६ साली आशियातल्या निवडक खेळाडूंचा ऑल स्टार संघ निवडला गेला आणि त्याचे कर्णधारपद जर्नेल सिंग यांच्याकडे आले. जकार्ताला चार वर्षे होऊन गेली होती. फॉरवर्ड म्हणून खेळणे त्यांनी केव्हाच सोडले होते, आणि या संघात त्यांना घेतले होते ते स्टॉपर म्हणून.