क्षारपड रान आणि जिप्समची पोती

कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळव्याच्या काळ्या रानांत उसाला पाटाने भरमसाट पाणी दिलं गेलं. भारी जमिनीत निचरा मंद, त्यामुळे भूजल वर चढतं. उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार पांढरे फुटतात. मग जिप्समची पोती येतात. पण जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध, जिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो आणि सामू बहुधा ८.५ च्या वर जातो. नुसत्या क्षारपड रानात ते वाया जातं. म्हणून आधी माती तपासावी. खरा उपाय निचऱ्याचा: जमिनीखाली सच्छिद्र पाइप, त्यातून क्षार धुऊन चरात. काम खर्चिक, शिवाय एकट्याचं नव्हे. पाणी ओढ्यापर्यंत न्यायला शेजाऱ्यांचे बांध ओलांडावे लागतात. ठिबक आणि धैंच्याचं हिरवळीचं खत जोडीला हवंच.